जाळीवरचं आणि जाळीखालचं

आमच्या शहराला समुद्र नाही. दगड आहे तो सगळा काळा, थंड झालेल्या लाव्ह्याचा, आणि त्यात शोधूनही एक शिंपला सापडायचा नाही. अशा गावात बसून मी ऐन पंचविशीतली वर्षं समुद्रातल्या जिवांची रिकामी कवचं मोजण्यात घालवली. कुणी काय करतोस म्हणून विचारलं, तर मी "विद्यापीठात असतो" एवढंच सांगायचो. त्यापुढं बोलायला लागलं की समोरचा माणूस घड्याळ बघायचा आणि माझं डोकं फिरायचं.

तरी इथं सांगतोच, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. समुद्राच्या पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचा एकपेशीय जीव असतो. नाव मोठं, जीव केसाच्या जाडीएवढा. दिवस वाईट आले की तो स्वतःभोवती घट्ट कवच बांधतो आणि तळाला जाऊन गप्प पडून राहतो. दिवस पालटले की कवचाचं एक झाकण निघतं आणि साहेब बाहेर पडून पुन्हा पोहायला लागतात. मागं राहिलेलं रिकामं कवच म्हणजे सिस्ट. ते इतकं चिवट असतं की भोवतालच्या चिखलाचा कोट्यवधी वर्षांनी दगड झाला तरी त्याला काही होत नाही. कुणाच्या कवचाला काटे असतात, कुणाला शिंग, कुणाला पापुद्रे, आणि झाकण कुठून निघालं त्यावरून मुख्य ओळख पटते. आमचं काम म्हणजे दगडातून ही कवचं काढायची, मोजायची, चित्रं काढायची आणि कोणती प्रजाती ते ठरवायचं. "जात" हा शब्द आम्ही प्रयोगशाळेत वापरत नसू. बाहेर तो पुरेसा वापरला जात होता.

दगड कच्छहून यायचे. आमच्या गाईड मॅडम स्वतः हातोडी घेऊन जायच्या आणि गहू आणावेत तसे पोत्यांतून दगड आणायच्या. विद्यापीठाच्या फाटकावरचा रखवालदार दर वेळी पोतं उघडून बघायचा आणि दर वेळी त्याची निराशा व्हायची.

दगड खलबत्त्यात फोडायचा, आधी एका आम्लात टाकायचा, मग दुसऱ्यात. हे दुसरं आम्ल दगड खातं आणि काचही खातं, म्हणून ते प्लास्टिकच्या भांड्यात ठेवावं लागे. दगड विरघळला की तळाशी चिमूटभर काळा गाळ उरायचा. तो पाण्यानं धुवायचा, निवू द्यायचा, पाणी ओतायचं, पुन्हा धुवायचा. यात आठवडा जायचा. शहरात तेव्हा नामांतराचं आंदोलन सुरू होतं. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून मोर्चे निघायचे, बदलू नये म्हणूनही निघायचे. मधेच बंद व्हायचा, एकदा संचारबंदी लागली आणि आमचा एक दगड आम्लात चार दिवस जास्त राहिला. मॅडम वैतागून म्हणाल्या, "सरकारला काय माहीत, आत काय भिजत घातलंय ते!"

त्या खोलीत आम्ही दोघं संशोधक होतो. एका लांब टेबलाच्या दोन टोकांना दोन सूक्ष्मदर्शक, एक माझा, एक माझ्या जोडीदाराचा. तो बिडकीनकडचा, दलित वस्तीतला. मी फुलंब्रीच्या अलीकडच्या एका गावातला, मेंढपाळाचा मुलगा. वडिलांकडे तेव्हाही चाळीसेक मेंढरं होती. जोडीदाराला गप्पा लागायच्या, मला शांतता. तो काम करता करता गुणगुणायचा, मी ओरडायचो, तो दोन मिनिटं थांबायचा आणि पुन्हा सुरू. दुपारचा डबा मात्र आम्ही एकत्र खायचो. त्याच्या आईच्या हातचा ठेचा असा, की माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून मॅडमना वाटायचं आम्लाची वाफ लागली.

त्याच्या आईला मी बऱ्याचदा भेटलो होतो. उंच, काटक बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नामांतराच्या प्रत्येक मोर्चात पुढच्या रांगेत असायची. मी त्यांच्या घरी कितीदा जेवलो त्याला हिशेब नाही. त्याला मी माझ्या गावी एकदाही नेलं नव्हतं. तो म्हणायचा, "मेंढरं दाखवायला कधी नेतोस?" आणि मी म्हणायचो, "सध्या ती रानात हायेत." आमची मेंढरं वर्षानुवर्षं रानातच होती. गावात नामांतराच्या बाजूनं बोलणारं घर सापडणं कठीण होतं, आणि माझ्यात तेवढी धमक नव्हती. हे सरळ सांगून टाकलेलं बरं.

आता जाळीचं सांगतो. आम्हा दोघांना एकच दगड दिला तर दोघं एकच प्रबंध लिहाल, असं मॅडमना वाटे. म्हणून त्यांनी युक्ती काढली. त्या धुतलेला गाळ एका बारीक जाळीवर ओतायच्या. जे जाळीवर अडकेल ते जोडीदाराचं, जे खाली गळेल ते माझं. मोठी सिस्ट त्याला, बारीकसारीक मला. वाटणी इतकी चोख, की आम्ही एकमेकांच्या स्लाइडला हात लावत नसू. त्याचं बघून माझं मत बिघडेल आणि माझं बघून त्याचं, असं मॅडमचं म्हणणं. आम्हीही ते सोवळं असल्यासारखं पाळायचो.

जोडीदाराची गाडी बरी चालली होती. त्याच्याकडे एक मोठं, फुगीर कवच शेकड्यानं निघत होतं. बिचाऱ्याच्या प्रत्येक नमुन्याचा वरचा भाग गायब. त्याची समजूत अशी की खलबत्त्यात फोडताना टाळकी उडाली. बाकीचं अंग बघून त्यानं ते एका जुन्या, माहीत असलेल्या प्रजातीत घातलं होतं, पुढं एक प्रश्नचिन्ह टाकून.

माझ्याकडे मात्र काहीच नव्हतं. बारीक बीजाणू, तुटलेले काटे, आणि ज्याला काहीच म्हणता येत नाही असा चुरा. दीड वर्ष झालं तरी नवीन म्हणावं असं काही निघेना. त्यात मोठ्या भावाचा तगादा. तो वाळूजच्या एका कारखान्यात लागला होता. शिफ्टच्या बसनं जायचा, गणवेश घालायचा, आणि घरी आला की सगळ्यांना कारखान्यातल्या शिस्तीचे धडे द्यायचा. माणूस मनानं चांगला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आमच्यात पार्ट तपासायला माणूस पायजे. तुझी नजर बारीक हाय. साहेबाशी बोललोय मी."

"माझा प्रबंध चाललाय."

"चाललाय कुठं? दीड वर्सं झालं. नवीन काय निघालं?"

हा प्रश्न माझ्या वर्मावर बसायचा. शेवटी वडिलांनी मध्यस्थी केली. पोळ्यापर्यंत काही नवीन निघालं तर पोराला शिकू द्यायचं, नाही निघालं तर वाळूज. मॅडमचंही म्हणणं फार वेगळं नव्हतं. एक तरी नवी प्रजाती हातात असेल तर प्रबंध उभा राहील, नाहीतर बारीक चुऱ्यावर कोण पदवी देणार, असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणजे पोळ्याच्या आत मला एक नवा जीव हवा होता, एवढं सरळ होतं.

आणि तो सापडला.

छोटीशी टोपी. वर बोथट शिंग. खालची कडा कातरल्यासारखी: सहा कोन, आणि एका बाजूला जरा सरकलेली खोल खाच. कडा आत वळल्यामुळं पहिल्या नजरेला ते पूर्ण, बंद कवचच वाटे. एक सापडलं तसं दुसरं सापडलं, मग रांगच लागली. मी जगभरच्या अभ्यासकांना छापील पोस्टकार्डं पाठवून त्यांचे लेख मागवले, होते नव्हते ते सगळे संदर्भ चाळले. असं शिंग आणि अशी कडा एकत्र कुठंच नव्हती. मॅडमनी माझ्या खुर्चीत बसून अर्धा तास बघितलं आणि उठताना माझ्या पाठीवर थाप मारली. मॅडम थाप मारणाऱ्यातल्या नव्हत्या.

मी पन्नास नमुने मोजले. लांबी, रुंदी, शिंगाची उंची. सूक्ष्मदर्शकावर आरसा बसवला की एका डोळ्याला कवच आणि कागद दोन्ही दिसतात, आणि पेन्सिलीनं त्याची कडा जशीच्या तशी गिरवता येते. ती कडा मी इतक्यांदा गिरवली की बसमध्ये तिकिटाच्या मागंही माझा हात आपोआप तेच काढायचा. सगळ्यांत देखणा नमुना निवडून त्याभोवती स्लाइडवर शाईचं वर्तुळ केलं. हा होलोटाइप. पुढं कुणालाही शंका आली तर त्यानं याच नमुन्याकडे यायचं. त्या एवढ्याशा वर्तुळाकडे मी दिवसातून दहादा बघायचो.

घरी बातमी सांगितली. भावानं विचारलं, "केवढा हाय?" मी केस दाखवला. हसू दाबताना त्याच्या मिशा हलल्या. माझी आत्या त्या दिवसांत आमच्याकडे राहायला आली होती. वडिलांची थोरली बहीण, आवाज रानातला, घरात बोलली तरी वेशीपर्यंत जायचा. तिनं विचारलं, "नवीन हाय म्हंजी नाव ठिवलं का त्याचं?"

"अजून नाय. ठेवायचंय."

"मग ते मी ठिवणार."

"आत्या, त्याचे नियम असतात. लॅटिनमध्ये ठेवतात."

"नियम मला नको सांगू. तुझ्या घरात जलमलं का न्हाय? मग नाव आत्याचंच."

आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते, त्याच्या कानात सांगते, आणि त्या वेळी बाकीच्यांनी तिच्या पाठीत गुद्दे घालायचे असतात. वडिलांनी निकाल दिला की तिचं बरोबर आहे. मग पुढचा प्रश्न आला, कानात कुणाच्या सांगायचं? बाळ तर विद्यापीठात, काचेवर चिकटवलेलं. शेवटी मलाच ओट्यावर बसवलं. आत्यानं माझ्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. भावानं बायको-पोरांसकट मिळून तिच्या पाठीत असे गुद्दे घातले की ती म्हणाली, "मेल्यांनो, येवढं तर तुमच्या येळंलाबी न्हाई मारलं!" नाव गोड होतं. वाळूजचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

पोळ्याला महिनाभर असेल. एके दिवशी सकाळी जोडीदार आला तो बसलाच नाही. त्या दिवशी नामांतरासाठी सत्याग्रह होता, लोक स्वतःहून अटक करून घेणार होते. तो आणि त्याची आई, दोघंही जाणार होते. दारात उभा राहून तो म्हणाला, "येतोस का?"

मी म्हणालो, "दगड आम्लात टाकलाय. सोडून कसं येऊ?"

दगड आम्लात होता हे खरं, पण त्याला माझी गरज नव्हती. तो तीन दिवस नुसता पडून राहणार होता. हे जोडीदारालाही माहीत होतं. "बरं," तो म्हणाला, "मग माझं एक काम कर. ही माझी पेटी. त्या फुगीर कवचाचं चित्र काढायचं राहिलंय, मॅडमना या हप्त्यात पायजे. तूच काढ, तुझा हात बसलाय." आणि तो गेला. दुपारी कळलं, सगळ्यांना हर्सूलच्या तुरुंगात नेलं.

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, आता काय करता, काढा. तेव्हा पहिल्यांदा मी जाळीच्या वरचं काही पाहिलं. पहिल्या तीन स्लाइडमध्ये ती टाळकी उडालेली कवचं होती. चौथीत एक जरा बरं दिसलं, म्हणून आरसा लावला आणि पेन्सिल उचलली. अंगाची बाजू काढली, वर आलो, आणि फुटलेल्या कडेवरून पेन्सिल फिरवायला लागलो. एक कोन, दोन, तीन. चौथ्यापाशी माझ्या लक्षात आलं की मी कवचाकडे बघतच नव्हतो. हात स्वतःहून चालला होता. ही रेघ त्याला पाठ होती. पाच, सहा, आणि बाजूला सरकलेली खाच.

मी पेन्सिल खाली ठेवली. मग वेड्यासारखी त्याची पेटी उपसली. अकराव्या स्लाइडमध्ये ते होतं: फुगीर कवच, आणि त्याच्या कडेला, बिजागरीला लटकावं तसं, शिंगाची छोटी टोपी. माझी टोपी. माझी नवी प्रजाती, माझे पन्नास नमुने, शाईचं वर्तुळ, आत्यानं ठेवलेलं नाव, हे सगळं त्याच्या भांड्याचं झाकण होतं. टाळकी खलबत्त्यात उडालीच नव्हती. जीव झाकण काढून बाहेर पडला होता. भांडी मोठी म्हणून जाळीवर राहिली, झाकणं बारीक म्हणून खाली गळली, आणि आम्ही दोघं एका टेबलाच्या दोन टोकांना बसून आठ महिने एकाच जिवाचे दोन अर्धे मोजत होतो.

आणखी एक गोष्ट त्याच क्षणी कळली, आणि ती जास्त झोंबली. जोडीदारानं ज्या जुन्या प्रजातीत ते कवच घातलं होतं, तिला शिंग नसतं. शिंगाचं झाकण असलेलं असं भांडं कुणीच वर्णिलेलं नव्हतं. म्हणजे नवी प्रजाती होतीच. फक्त ती त्याची होती.

मी ती अकरावी स्लाइड शर्टाच्या खिशात घातली. चोरली म्हणा. त्या एका स्लाइडशिवाय हे कुणाला कधीच कळलं नसतं. जोडीदार तुरुंगात, मॅडमचा माझ्यावर विश्वास, आणि पोळा तोंडावर. पण खिशातली काच घेऊन चोरी करणं भलतंच अवघड. वाकलं की मोडेल म्हणून मी दिवसभर ताठ बसलो. सायकल ताठ बसून चालवली. बसमध्ये जागा असून गर्दीपासून लांब, छातीवर हात धरून उभा राहिलो. घरात शिरलो तर आत्या म्हणाली, "का रं, छातीत दुखतंय व्हय?"

"नाय."

"मग हात का धरलाय? तोंड बघ कसं झालंय. ये, तेल लावून चोळते."

तिला छाती चोळू द्यायची तर शर्ट काढावा लागणार. मी जोरात ओरडलो, "काय दुखत नाय म्हणलं ना!" जेवताना तिनं मला न विचारता दुसरी भाकरी वाढली. मला स्वतःची मनापासून किळस आली. पोटात ती भाकरी आणि खिशात दुसऱ्याची प्रजाती घेऊन मी बसलो होतो.

सकाळी पहिली बस धरली. मॅडम आल्या तशी मी दोन्ही सूक्ष्मदर्शक शेजारी शेजारी लावले, एकात भांडं, एकात झाकण, आणि झाकण लटकलेली ती अकरावी स्लाइड त्यांच्या हातात दिली. त्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. मग खुर्चीत मागं रेलल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला इतका राग आला की वाटलं चालतं व्हावं. मग त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "जाळी मी लावली होती. मी! वीस वर्षं हेच काम करतेय." थोड्या वेळानं म्हणाल्या, "ही स्लाइड तुम्ही मला दाखवली नसती तर मला कळलं नसतं."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

"तुमचं प्रकरण गेलं."

"तेही माहीत आहे."

जोडीदार सुटून आला तो दाढी वाढवून, आणि नेहमीसारखा गुणगुणत. त्याला कँटीनमध्ये चहा पाजला आणि सगळं सांगितलं, खिशात घातलेल्या स्लाइडसकट. ते सांगताना माझी मान खालीच होती. तो बशीनं कप झाकून म्हणाला, "म्हंजी आठ महिनं मी बोंबलतोय, टाळकी कुठं गेली, टाळकी कुठं गेली, अन् ती तू शेजारी बसून मोजत व्हतास?" आणि असा हसला की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. स्लाइडबद्दल एवढंच म्हणाला, "परत आणून दिली ना? मग संपलं."

लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला. पहिलं नाव कुणाचं यावर भांडण झालं, पण ते उलटं. तो म्हणे बरोबरीनं, अक्षरांच्या क्रमानं; मी म्हणे भांडं तुझं, झाकणाला कुणी आधी विचारत नाही. मी ओरडण्यात सरस असल्यानं माझं चाललं. प्रजातीला नाव काय द्यायचं यावर मात्र तो अडून बसला: आत्यांनी ठेवलंय तेच. मी घरी जाऊन आत्याला विचारलं की अगं, ते नुसतं झाकण निघालं, खाली भांडं दुसऱ्याचं आहे, तर नाव तेच चालेल का? ती म्हणाली, "झाकणाचं नाव येगळं अन् भांड्याचं येगळं आसतं व्हय?" ते नाव लॅटिनचा अंगरखा घालून छापलं गेलं. अजून आहे. त्या वर्षी पोळ्यानंतर जोडीदार आमच्या गावी जेवायला आला. गावात चार लोकांनी मला चार प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली आणि गावात काही आकाश कोसळलं नाही. मेंढरं रानातच होती, या वेळी खरोखर. ती त्याला रानात नेऊन दाखवावी लागली.

माझ्या प्रबंधाचं मात्र ठरल्यासारखं झालं. नवीन काही उरलं नव्हतं, आणि दिलेला शब्द होता. मी वाळूजला लागलो. पहिली शिफ्ट करायची, पार्टांच्या कडा मापात आहेत का बघायच्या, आणि दुपारनंतर बस बदलून प्रयोगशाळेत जायचं. भावाचं म्हणणं खरं निघालं, नजर बारीक होती. साहेब खूश असायचे. कारखाने वाढत होते, दर वर्षी नवी शेड उठायची, आणि मी त्या आवाजातून उठून तासाभरानं समुद्राच्या तळाशी जाऊन बसायचो. बीजाणूंवर, जाळीखालच्या खऱ्याखुऱ्या बारीक जिवांवर, मी नव्यानं प्रबंध उभा केला. त्याला फार वर्षं लागली. खरं सांगायचं तर ती वर्षं मजेत गेली.

जोडीदाराचा प्रबंध त्या प्रजातीच्या जोरावर झटक्यात पुरा झाला. त्याला पदवी मिळाली, जिल्ह्यातल्या एका कॉलेजात नोकरी मिळाली. पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं जुनंच नाव होतं. त्यानं तो कागद मला दाखवला, घडी घातली, आणि कॉलेजच्या फाइलमध्ये ठेवून दिला.

नाव बदललं ते त्यानंतर. अर्धं जुनं, अर्धं नवं असा नामविस्तार झाला आणि शहर बरेच दिवस तेच बोलत राहिलं. माझी पदवी त्याच्याही नंतरची. कागद हातात आला तेव्हा मी आधी माझं नाव वाचलं, मग वरची ओळ. वरती नवं नाव छापलेलं होतं. आणि मला लाज वाटली. ज्या नावासाठी मी एक दुपार खुर्ची सोडली नव्हती ते माझ्या कागदावर होतं, आणि जो तुरुंगात जाऊन आला त्याच्या कागदावर नव्हतं. त्याला पदवी लवकर मिळाली म्हणून नव्हतं, आणि लवकर मिळाली ती माझ्या झाकणामुळं.

मी तो कागद घेऊन त्याच्या घरी गेलो. त्यानं दोन्ही हातांत धरून वरची ओळ बराच वेळ पाहिली. मला वाटलं काहीतरी थट्टा करेल. तो म्हणाला, "आई मावशीकडं गेलीय. कागद चार दिवस माझ्याकडं राहू देतोस?"

पाचव्या दिवशी तो कागद घेऊन वाळूजला आला, शिफ्ट सुटायच्या वेळी, कारखान्याच्या फाटकावर. प्लास्टिकचं जाड वेष्टन घातलेला तो कागद त्यानं माझ्या हातात दिला. मी विचारलं, "आईला दाखवलं?"

"दाखवलं. तिला वाचता येत नाय ना. शेजारच्या मास्तरांना बोलावून वरची ओळ वाचून घेतली. तीनदा."

"मग?"

"मग काय. बोट ठेवून बसली व्हती त्या ओळीवर, जेवणाचा टाइम होस्तोवर."

"आणि खाली माझं नाव बघून काय म्हणाली?"

तो जरा ओशाळला. "खालचं वाचायचं तिनं मास्तरांना सांगितलंच नाय, गड्या. तिला अजून वाटतंय, खाली नाव माझंच हाय."

मी कागद त्याच्या हातात परत दिला आणि म्हणालो, आईकडेच राहू दे.